शेतकऱ्याकडे हजार एकर, मग गाव रिकामं कसं?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक जाहीरपणे म्हणाले की १४० कोटींचा देश आमचा एक बुशेल (पंचवीसेक किलो) मका का घेत नाही, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी तोच वाद पेटतो. जालन्याकडचा माझा चुलतभाऊ चार एकरांत मका आणि सोयाबीन करतो, त्याचा प्रश्न ठरलेला: "त्यांच्याकडं हजार हजार एकर, एसीवाले ट्रॅक्टर, वरून सरकार पैसे देतंय, मग हे रडतेत कशाला?" मी दोन वर्षं अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, त्याच्या राजधानीत डी मॉइनला, नोकरी केली, एवढ्याच भांडवलावर उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर येते.

प्रश्न रास्त आहे. मलाही सुरुवातीला काही झेपलं नव्हतं. शनिवारी गाडी काढून कुठल्याही दिशेला तासभर गेलं की दोन्ही बाजूंना डोक्याच्यावर गेलेला मका, आणि मध्येच एखादं गाव यायचं जिथे पाण्याची टाकी, धान्याचे उंच सायलो, दोन चर्च, एक पेट्रोल पंप, आणि दुपारी रस्त्यावर काळं कुत्रं दिसायचं नाही. पीक असं, आणि गाव असं. हे जुळतच नव्हतं.

मग हळूहळू कळलं की जुळतं. पीक फार चांगलं यायला लागलं म्हणूनच ही गावं रिकामी झाली. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून एकाच गावाचा धागा धरून सांगतो. गावाचं नाव कून रॅपिड्स, वस्ती आजमितीला १३०० च्या आसपास, डी मॉइनपासून वायव्येला सव्वा तासावर. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत रशियाचा सर्वेसर्वा या गावात जेवायला आला होता, ते येईलच पुढे.

आधी हे समजून घ्या की तिथे गावठाण नसतं

आपल्याकडे शेतकरी गावात राहतो आणि शेतात जातो. घरं एकमेकांना खेटून, पार, मारुतीचं देऊळ, आणि शिवार बाहेर पसरलेलं. मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या-वरच्या भागातल्या बारा राज्यांत, हे उलटं आहे. शेतकरी आपल्या शेताच्या मधोमध घर बांधून राहतो, शेजारी अर्ध्या मैलावर, आणि "टाउन" म्हणजे जिथे तो सामान आणायला, धान्य विकायला, पोरांना शाळेत सोडायला आणि रविवारी चर्चला जातो ती जागा. थोडक्यात आपला आठवडी बाजार, फक्त रोज भरणारा आणि पक्क्या इमारतींचा. आजूबाजूच्या शेतांवर माणसं किती, यावर त्याचं सगळं पोट.

हे असं का झालं तर जमीन आधी मोजली गेली आणि माणसं नंतर आली. १७८५ च्या कायद्याने सरकारने सगळ्या मुलखावर चौकडीच्या वहीसारख्या रेघा मारल्या. सहा मैल बाय सहा मैलांचा एक चौकोन म्हणजे टाउनशिप, त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. त्यातला १६ नंबरचा तुकडा शाळेच्या खर्चासाठी राखीव. ६४० चा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर हे एका कुटुंबाचं शेत असा साधारण हिशोब, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्यात सरकारने फुकट द्यायची जमीन पण तेवढीच, अट अशी की पाच वर्षं तिथे राहून कसायची. आयोवाच्या बऱ्याच भागात तोपर्यंत जमिनी आधीच विकल्या गेल्या होत्या नाहीतर रेल्वे कंपन्यांना दिल्या होत्या, पण चौकट तीच. विमानातून आजही दिसते, रस्ते मैला-मैलावर काटकोनात.

जमीन रिकामी होती असं मात्र समजू नका. सॉक, मेस्क्वाकी, आयोवे हे लोक तिथे होते, करार करून करून त्यांना मिसिसिपीच्या पश्चिमेला आणि मग आयोवाच्याही बाहेर ढकललं. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये स्वतःच्या पैशाने आयोवातल्याच टामा गावाजवळ ८० एकर जमीन परत विकत घेतली, आणि ते आजही तिथेच आहेत. आपलीच जमीन विकत घ्यायची पाळी, काय बोलणार.

मग रेल्वे आली. १८६७ मध्ये पहिला लोहमार्ग आयोवा ओलांडून पार मिसुरी नदीपर्यंत पोचला आणि नंतर फाटे फुटत गेले. रेल्वेच्या रस्त्यावर दर सात-आठ मैलांवर एक स्टेशन, स्टेशनजवळ धान्याचं कोठार, कोठाराजवळ दुकान, आणि झालं गाव. एवढंच अंतर का, तर घोडागाडीत मका भरून सकाळी निघालेला माणूस विकून संध्याकाळी धारा काढायला घरी परत यायला हवा. म्हणजे गावं घोड्याच्या चालीने आखलेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे घोडाच गेला.

आता एक साधं गणित करा. टाउनशिपमध्ये २३,०४० एकर, १६० ने भागलं तर १४४ शेतं. घरटी सहा माणसं धरली तर साडेआठशेच्या वर. एवढी माणसं म्हणजे एक किराणा, एक लोहार, एक डॉक्टर, एक बँक, दोन-तीन चर्च आणि वर्गावर्गाला पोरं. हेच शेत हजार एकरांचं झालं तर टाउनशिपमध्ये उरतात २३ घरं. मका तेवढाच, उलट जास्त. पण २३ घरांवर किराणा चालत नाही.

रॅकून नदीकाठचा बियाणेवाला

मग १६० चे हजार झाले कसे? इथे कून रॅपिड्स येतं. गाव मिडल रॅकून नदीवर, नाव पण नदीवरूनच पडलेलं. इथे रॉसवेल गार्स्ट नावाचा एक मोठ्या आवाजाचा, कुणाचंही न ऐकणारा माणूस शेती करायचा आणि त्याची ओळख झाली हेन्री वॉलेसशी. हे वॉलेस पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचे कृषिमंत्री आणि मग उपराष्ट्राध्यक्ष झाले, पण मुळात मक्याचं वेड लागलेला माणूस. लहानपणी त्यांना झाडाझुडपांची गोडी लावली ती जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी, ते तेव्हा आयोवातल्या एम्सच्या कॉलेजात होते. (कार्व्हर मराठी घरांत एवढे ओळखीचे आहेत की आयोवात कुणाला त्यांच्याबद्दल आपल्याइतकं माहीत नसतं हे बघून मला धक्काच बसला होता.)

त्या काळात मक्याच्या सौंदर्यस्पर्धा भरायच्या, खरंच. सरळ दाण्यांचं, भरीव, देखणं कणीस असेल त्याला बक्षीस, आणि तेच बियाणं म्हणून चांगलं असं प्राध्यापक लोक सांगायचे. शाळकरी वॉलेसने देखणी आणि कुरूप दोन्ही कणसं पेरून बघितली, आणि निघालं असं की रूपाचा आणि उताऱ्याचा काही संबंध नाही. पुढे १९२६ मध्ये त्यांनी हायब्रीड मक्याची कंपनी काढली, तीच नंतरची पायोनियर.

हायब्रीड म्हणजे काय ते एकदाच सांगतो. मक्याच्या एका वाणाला पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच परागाने फळवत नेलं की झाडं शुद्ध होतात पण मरतुकडी होतात. अशा दोन वेगवेगळ्या मरतुकड्या वाणांचा संकर केला की पुढची पिढी एकदम तगडी, एकसारख्या उंचीची येते. गंमत अशी की ही ताकद एकाच पिढीपुरती, त्यातलं बी ठेवून परत पेरलं तर उतारा पडतो. म्हणून दरवर्षी पिशवी विकतच घ्यावी लागते. आपल्याकडे हायब्रीड म्हटलं की जुन्या लोकांना ज्वारीच आठवते, तत्त्व तेच.

गार्स्टने १९३० मध्ये चार्ली थॉमस नावाच्या भागीदाराबरोबर कून रॅपिड्सला बियाण्याची कंपनी काढली. वेळ बघा, महामंदी, शेतकऱ्याकडे खायला पैसे नाहीत आणि हा बियाणं विकत घ्या म्हणतोय, जे लोकांनी जन्मात कधी विकत घेतलं नव्हतं. त्याने डोकं लावलं: बियाणं आत्ता फुकट न्या, तुमच्या नेहमीच्या मक्यापेक्षा जेवढं जास्त पिकेल त्यातलं अर्धं मला द्या. निम्मं घ्यायला मागतोय म्हणजे माणसाला खात्री असणार, हे कुणालाही कळतं.

तरी लोक तयार नव्हतेच. कून रॅपिड्स ज्या काउंटीत (म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारख्या भागात) आहे तिचं मुख्य गाव कॅरल, वीसेक मैलांवर. तिथल्या एका शेतकऱ्याला मशिनं आवडायची पण हायब्रीड नको होतं. १९३६ ला भयानक दुष्काळ पडला, शेजाऱ्यांचं हायब्रीड उभं आणि याचा मका करपलेला. त्या घरातला पाच वर्षांचा मुलगा म्हणजे एव्हरेट रॉजर्स, ज्याने मोठं झाल्यावर नवीन गोष्ट समाजात कशी पसरते याचं शास्त्रच मांडलं, आणि आज मोबाइल कंपन्यांचे मार्केटिंगवाले "अर्ली अडॉप्टर" (नवीन गोष्ट लवकर उचलणारा) म्हणतात तो शब्द रूढ केला. तुमच्या पुण्यातल्या स्टार्टअपच्या प्रेझेंटेशनमधला तो घंटेच्या आकाराचा आलेख आयोवाच्या मक्याच्या शेतातून आलाय. शेजारच्याच ग्रीन काउंटीत १९४१ मध्ये २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती झाल्या होत्या, तोवर त्यातल्या दोघांनीच हायब्रीड घेतलेलं नव्हतं. सेल्समनकडून कळलं बऱ्याच जणांना, पण पेरलं ते शेजाऱ्याचं शेत बघून. बांधावरून डोकावणं हे जगभर सारखंच.

बियाण्याच्या प्लॉटमध्ये सगळ्यात किचकट काम म्हणजे तुरे काढणं. मादी ओळींवरचे तुरे पराग सुटायच्या आत उपटायचे, म्हणजे त्यांच्यावर शेजारच्या नर ओळींचाच पराग पडतो. आयोवात हे काम शाळेची पोरं करायची. जुलैत पहाटे बस यायची, पोरं-पोरी पावसाळी कपडे घालून ओल्या पानांतून चालायची, दुपारपर्यंत दंडावर पानांचे ओरखडे आणि खिशात आयुष्यातली पहिली कमाई. पन्नाशीच्या पुढचा कुठलाही आयोवाचा माणूस पकडा, तो याच्यावर अर्धा तास बोलेल. देऊळगाव राजाकडे बियाण्याच्या प्लॉटवर काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

ख्रुश्चेव्ह आले जेवायला

फेब्रुवारी १९५५ मध्ये डी मॉइन रजिस्टर या पेपरात लॉरेन सॉथ या संपादकाने लिहिलं की रशियनांनी शस्त्रांची स्पर्धा करण्यापेक्षा आयोवात येऊन मका आणि डुकरं कशी वाढवतात ते बघावं. लिहिताना त्यांनाही वाटलं नसेल, पण रशियनांनी ते मनावर घेतलं. त्याच उन्हाळ्यात त्यांचं शिष्टमंडळ आलं, ठरलेला दौरा चुकवून गार्स्टने त्यांच्या प्रमुखाला आपल्या शेतावर आणलं, आणि शरद ऋतूत हा पठ्ठ्या स्वतः रशियात जाऊन ५००० टन बियाण्याचा सौदा करून आला. सोव्हिएत रशियाचे सर्वेसर्वा ख्रुश्चेव्ह यांच्याशी दोस्ती पण झाली. सॉथना १९५६ ला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

२३ सप्टेंबर १९५९ ला ख्रुश्चेव्ह सहकुटुंब कून रॅपिड्सला आले. पत्रकार शेकड्यांनी, फोटोग्राफर गोठ्याच्या पत्र्यावर चढलेले, कुणालाच पाहुण्याला धड काही दाखवता येईना. गार्स्टचं टाळकं सटकलं, त्याने मुरघासाच्या (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) ढिगातून मुठी भरभरून पत्रकारांच्या अंगावर फेकला, आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या हॅरिसन सॅलिस्बरी यांच्या नडगीवर चक्क लाथ घातली. ख्रुश्चेव्ह खूश. दोन अणुबॉम्बवाले देश, आणि चर्चा कशाची तर मुरघासाची. गार्स्टचं म्हणणं सरळ होतं, उपाशी माणूस धोकादायक असतो, रशियनांचं पोट भरलेलं असलेलं आपल्याला परवडतं.

ख्रुश्चेव्हनी घरी जाऊन जिथे थंडीत मका येऊच शकत नाही अशा उत्तरेकडच्या भागातही लावायला लावला, तो फसला, लोकांनी त्यांना "कुकुरुझनिक" म्हणजे मकेवाला असं नाव ठेवलं, आणि १९६४ ला खुर्ची गेली. पण रशिया आयोवाच्या गोष्टीतून बाहेर पडला नाही.

ट्रेडमिलवरचा शेतकरी

इथे एकच अवघड शब्द वापरतो: शेतीची ट्रेडमिल. विलर्ड कोक्रेन नावाच्या मिनेसोटाच्या अर्थतज्ज्ञाने १९५८ मध्ये मांडलेली कल्पना. जिममधला धावायचा पट्टा आठवा, धावता पण जागेवरच, आणि थांबलात तर मागे फेकले जाता.

होतं असं. एकाने नवीन बियाणं आणलं, त्याचं उत्पादन दीडपट, भाव अजून जुनाच, त्याची चांदी. शेजाऱ्यांनी बघितलं, त्यांनीही आणलं. मग सगळ्यांचाच मका जास्त, भाव पडला. आता नवीन बियाणं न घेणारा मेला, कारण उतारा जुना आणि भाव नवा. घेणारा पण फार कमावत नाही, जिथे होता तिथेच. मग ट्रॅक्टर येतो, खत येतं, तणनाशक येतं, दरवेळी हेच. आणि प्रत्येक फेरीत जो पट्ट्यावरून पडतो त्याची जमीन शेजारी घेतो, कारण मशीन महाग, ते परवडायला जास्त एकर लागतात. कुणी वाईट नाही यात. प्रत्येकजण शहाणपणाने वागतोय आणि शाळेतली पोरं कमी होतायत.

आकडे बघा. हायब्रीडच्या आधी आयोवात एकरी चाळीस बुशेलच्या आतबाहेर मका यायचा. मक्याचा बुशेल म्हणजे पंचवीस किलोच्या थोडा वर, म्हणजे एकरी दहा क्विंटल. आता दोनशेच्या आसपास, म्हणजे पन्नास क्विंटल. आणि १९३५ च्या सुमाराला राज्यात दोन लाखांच्या वर शेतं होती, २०२२ च्या मोजणीत ८६,९११. सरासरी क्षेत्र ३४५ एकर दिसतं, पण त्यात हौशी छोटी शेतं पण मोजलेली असतात, ज्यांचं घर मका-सोयाबीनवरच चालतं ते बरेचदा हजाराच्या पुढे.

मशीन आणि बियाणं हे जोडीने आलं हे पण ध्यानात घ्या. आधी कणसं हाताने सोलून काढायचे, चांगला गडी दिवसाला शंभर बुशेल काढायचा, गाडीच्या एका बाजूला उंच फळी लावलेली आणि त्यावर कणसं आपटल्याचा टणटण आवाज. १९३० च्या दशकात याच्या राष्ट्रीय स्पर्धा व्हायच्या आणि बघायला लाखावर माणूस जमायचा, आपल्या शंकरपटासारखं. जुना मका वाकडातिकडा, लोळणारा, त्यात मशीन नीट चालेना. हायब्रीड ताठ उभं राहणारं आणि एकसारखं, त्यात चाललं. दहा-पंधरा वर्षांत हाताने सोलणारा गडी गेला, स्पर्धा गेल्या, घोडे गेले, आणि घोड्याच्या चालीवर आखलेल्या गावांचं अंतर मोटारगाडीने दहा-पंधरा मिनिटांत पार व्हायला लागलं. शेतकरी आता कॅरलच्या मोठ्या दुकानात जाऊ शकत होता. मग गेला.

१९८० चं दशक

१९७२ मध्ये रशियाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य उचललं आणि भाव आकाशाला भिडले. कृषिमंत्री अर्ल बट्झ सांगायचे कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा. जमिनीचे भाव दरवर्षी चढत होते, बँका दारात येऊन कर्ज देत होत्या. जमीन तारण ठेवून अजून जमीन घ्यायची, सोनं गहाण ठेवून सोनं घेतल्यासारखं. सोनं चढतंय तोवर तुमच्यासारखा हुशार कुणी नाही.

१९७९ च्या ऑक्टोबरात महागाई आवरायला पॉल व्होल्कर यांच्या मध्यवर्ती बँकेने पैसा आवळला, आणि १९८० संपता संपता बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. १९८० च्याच जानेवारीत, रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घुसवलं म्हणून, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी रशियाला धान्य विकायला बंदी घातली. म्हणजे गार्स्टने जेवायला घातलेलं गिऱ्हाईक गेलं. आयोवात जमिनीचा सरासरी भाव १९८१ ला एकरी २१४७ डॉलर होता, १९८६ ला ७८७. ज्याने २१४७ च्या हिशोबाने कर्ज काढलं त्याने काय करायचं? काउंटीच्या कोर्टासमोरच्या हिरवळीवर लोकांनी पांढरे क्रॉस रोवले, गेलेल्या शेतांसाठी. डिसेंबर १९८५ मध्ये हिल्स नावाच्या गावाच्या परिसरात एका कर्जबाजारी शेतकऱ्याने बायकोला, बँकेच्या अध्यक्षाला, एका शेजाऱ्याला मारून स्वतःवर गोळी घातली. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा सांगणारा माणूस खाली बघून बोलत होता. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ती खाली बघायची पद्धत ओळखू येते.

पन्नास वर्षं आधी, मंदीत, असंच संकट आलं होतं तेव्हा गावांनी वेगळा उपाय काढला होता. लिलावाला सगळे शेजारी जमायचे, गाईला पाच सेंट, नांगराला दहा सेंट अशी बोली, आणि परक्या माणसाने वर बोली लावायचा प्रयत्न केला की दोन धिप्पाड माणसं त्याच्या शेजारी येऊन उभी राहायची. मग सगळं सामान मूळ मालकाला परत. १९३३ मध्ये ल मार्स गावात तर न्यायाधीशालाच कोर्टातून ओढून बाहेर नेऊन गळ्यात फास अडकवला होता, मारलं नाही एवढंच. १९८० च्या दशकात पण लिलावात "नो सेल" म्हणून घोषणा झाल्या, पण पाच सेंटची बोली काही जमली नाही. तेवढे शेजारीच उरले नव्हते.

मग गावात उरतं काय?

धान्याचं एलेव्हेटर. नावावरून लिफ्ट वाटते, पण हे म्हणजे धान्य उचलून उंच काँक्रीटच्या सायलोत टाकायची व्यवस्था, बरेचदा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची. ऑक्टोबरात एकदा मी ओळखीच्या एका काकांबरोबर त्यांच्या ट्रकात बसून गेलो होतो. ट्रक वजनकाट्यावर उभा, वरून एक लांब नळी खाली आली, मक्यात घुसली, नमुना ओढून घेतला, खिडकीतल्या मुलीने मॉइश्चर सांगितलं. १५ टक्क्यांच्या वर जेवढं असेल तेवढी कपात. काका काहीतरी पुटपुटले, मला शब्द कळले नाहीत पण सूर शंभर टक्के मोंढ्यातला होता.

शाळा. १९५० च्या सुमारास आयोवात चार हजारांवर शाळा-जिल्हे (म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारी मंडळं) होते, आता सव्वातीनशेच्या आसपास. पोरं कमी झाली की दोन गावं शाळा एकत्र करतात आणि नावात जोडरेघ येते, कून रॅपिड्सची शाळा पण आता कून रॅपिड्स-बेयार्ड आहे. ही जोडरेघ ठरवताना जेवढी भांडणं होतात तेवढी सोयरिकीत होत नाहीत: नाव कुणाचं आधी, इमारत कुठली, जर्सीचा रंग कुठला. फुटबॉलला अकरा पोरं मिळत नाहीत म्हणून आठ जणांचा वेगळा खेळच आहे. आणि मुलींचं बास्केटबॉल तर आयोवाचं खास होतं, दोन्हीकडे सहा-सहा जणी, तिघी फक्त गोल करणाऱ्या, तिघी फक्त अडवणाऱ्या, मधली रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच टप्पा घ्यायचा. स्टेट टूर्नामेंटला अख्खी गावं डी मॉइनला लोटायची. १९९३ ला तो प्रकार बंद झाला, आणि अजून काही आज्या त्याचा राग धरून आहेत.

चर्च, स्वयंसेवकांचं अग्निशमन दल, मयतानंतर तळघरात हॅमच्या सँडविचचं जेवण. सकाळी सहाला कॅफेत म्हाताऱ्या शेतकऱ्यांचं टोळकं, कॉफीचे पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरणार.

आणि एक गोष्ट जी मी डोळ्यांनी बघितली. एका शेतकऱ्याला ऐन काढणीत हार्ट ॲटॅक आला. त्या शनिवारी सकाळी शेजाऱ्यांची सात हार्वेस्टरं त्याच्या शेतात उतरली, एकेकाची किंमत कोटींमध्ये, मागे ट्रकांची रांग, बायांनी बांधावर जेवण मांडलेलं, अंधार पडायच्या आत सगळा मका काढून झाला. ही इर्जिकच की. फक्त बैलांच्या जागी डिझेल.

"कंपन्यांनी जमिनी गिळल्या असतील"

हा पहिला आक्षेप नेहमी येतो. बियाणं, खत, खरेदी यात मोठ्या कंपन्या आहेतच, गार्स्टची कंपनी पण १९८० च्या दशकात बाहेर विकली गेली आणि हात बदलत बदलत शेवटी सिंजेंटा या बड्या बियाणे-औषध कंपनीकडे पोचली. पण शेतं अजूनही बहुतेक घरचीच आहेत, कुटुंबं कमी आणि मोठी झालीत एवढंच. शिवाय आयोवात निम्म्याहून जास्त शेतजमीन भाड्याने कसली जाते, मालक म्हणजे बरेचदा म्हातारी विधवा नाहीतर शिकागोत स्थायिक झालेली मुलं. म्हणजे "हजार एकरवाला" प्रत्यक्षात तीनशेचा मालक आणि सातशेचा भाडेकरू असू शकतो. चुलतभावाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

"सबसिडी मिळते ना, मग?"

मिळते. पीकविम्याच्या हप्त्याचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग सरकार भरतं, त्यावर बाकीच्या योजना. पण मदत एकरावर आणि उत्पादनावर असल्यामुळे मोठ्याला मोठी, लहानाला लहान, आणि त्या भरवशावर मोठा माणूस जमिनीचं भाडं अजून चढं बोलतो. त्यामुळे पैसा येतो पण गावात नवीन घर येत नाही. माझं स्वतःचं मत असं की सबसिडीने ट्रेडमिल थांबली नाही, तेलपाणी मिळालं.

"बाहेरून माणसं आणा की"

आणली की. कॅरलच्या पश्चिमेला डेनिसन, उत्तरेकडे स्टॉर्म लेक, इथे मांस पॅकिंगचे कारखाने आहेत आणि तिथे मेक्सिको, ग्वाटेमाला, लाओसहून आलेली माणसं राहतात. डेनिसनच्या शाळेत वर्ग भरलेले, मेन स्ट्रीटवर टाकेरिया, म्हणजे मेक्सिकन खाण्याची दुकानं. जुन्या लोकांची कुरकुर असते, पण किराणा चालू आहे. काम कठीण, थंडगार हॉलमध्ये सुरी घेऊन आठ-दहा तास उभं राहायचं, म्हणून तिथल्या पोरांना ते नको असतं.

आणि आमच्या मोंढ्याचं काय?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव निघतो तेव्हा शिकागोच्या बाजाराकडे बघूनच निघतो, हे व्यापाऱ्यांना विचारा. २०२५ मध्ये चीनने काही महिने अमेरिकन सोयाबीन घेणंच थांबवलं, म्हणून तिकडे ढीग लागले, आणि म्हणून अमेरिका आपल्या दाराशी आली. मुळात आपल्याकडचं पिवळं सोयाबीनच १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाने जबलपूर आणि पंतनगरच्या विद्यापीठांबरोबर केलेल्या कामातून पसरलं. आणि आयोवाच्या नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला, डी मॉइनमध्ये दिला जाणारा वर्ल्ड फूड प्राइझ १९९८ मध्ये मिळाला तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवालेंना, हायब्रीड बियाण्यासाठीच. जालना आणि कून रॅपिड्स ही तशी एकाच धंद्यातली गावं.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यात टाकलं. गार्स्ट कुटुंबाने आपली पाच हजार एकरांहून जास्त जमीन निसर्ग राखायला देऊन टाकली, तिथे आता नदीकाठी जुनं गवत परत वाढवतायत, त्याचा फोटो पण टाकला. चुलतभावाने फोटोला अंगठा दिला आणि विचारलं, "ते तुरे काढायचं काम, ते अजून शाळेची पोरंच करतेत का?"

थोडी करतात, म्हटलं. बरंचसं आता मशीनवर होतं, आणि मशीनकडून राहिलेले तुरे काढायला टेक्सासकडून मजूर येतात.

"का? पोरं आळशी झाली?"

पोरंच नाहीयेत रे.